स्पेनला निघालेल्या सोलापूरकरांचे एनआयई नंबरबद्दलचे नेहमीचे प्रश्न

जून-जुलै आला की माझा फोन तापायला लागतो. कुणाच्या पोराला बार्सिलोनात मास्टर्सला ॲडमिशन मिळालेलं असतं, कुणाच्या सुनेला माद्रिदच्या कंपनीनं बोलावलेलं असतं, आणि प्रश्न सगळ्यांचा एकच, ते परदेशी माणसाला तिकडं एक नंबर देतात म्हणे, तो कुठून काढायचा? मी वालेन्सियात शिकलो, तिथं थोडी नोकरी केली आणि आता परत सोलापुरात आहे, तिकडच्या पोरांशी अजून रोजचं बोलणं असतं. तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा टाइप करून ठेवतोय. हे सगळं भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी आहे, युरोपियन नागरिकांचे नियम वेगळे असतात.

एनआयई म्हणजे नेमकं काय?

स्पेनचं सरकार परदेशी माणसाला जो ओळख नंबर देतं तो. तिकडं लोक त्याला एकदम 'निए' म्हणतात, ऑफिसात 'एन आय ई' म्हटलं तर समोरचा बघत बसेल. बँक, घरभाडं, नोकरीचं काँट्रॅक्ट, टॅक्स, वीज-इंटरनेटचं कनेक्शन, गाडी, जिथं म्हणून फॉर्म भरायचा तिथं हा नंबर टाकायचा. एकदा मिळाला की आयुष्यभर तोच. आपल्या आधार नंबरसारखं समजा, फक्त हा परदेशी लोकांसाठी असतो आणि नुसता नंबर असल्यामुळं तिकडं राहायचा हक्क मिळत नाही. राहायचा हक्क व्हिसा आणि परमिटनं मिळतो. हे आधीच सांगतो कारण 'नंबर आला म्हणजे पोरगं सेटल झालं' असं समजून पेढे वाटणारे लोक मी बघितलेत.

मग टीआयई काय असतं? दोन्ही एकच ना?

नाही ओ, आणि निम्मा गोंधळ इथंच होतो. एनआयई म्हणजे नंबर. टीआयई म्हणजे प्लॅस्टिकचं कार्ड, त्यावर तुमचा फोटो असतो, आत चिपमध्ये ठसे असतात, किती दिवस राहायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं आणि तोच एनआयई नंबर छापलेला असतो. नंबर कधी संपत नाही, कार्ड संपतं.

तिसरी वस्तू म्हणजे पांढरा कागद. ज्याला फक्त नंबर पाहिजे, तिकडं राहायचं नाही, त्याला ए-फोर कागदावर नंबरचं सर्टिफिकेट मिळतं, त्यावर फोटो नसतो. आणि यूट्यूबवर जो हिरवा कागद किंवा हिरवं कार्ड दाखवतात ते युरोपियन नागरिकांच्या नोंदणीचं असतं, आपल्या पासपोर्टवर ते मिळतच नाही, त्यामुळं तो व्हिडिओ बघून 'आपल्याला हिरवा का नाही दिला' म्हणून काउंटरवर वाद घालू नका.

थोडक्यात, सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल (विद्यार्थी असा नाहीतर नोकरीवाले) तर तुम्हाला कार्ड काढायचंय. सहा महिन्यांच्या आतला कोर्स असेल तर व्हिसावरच भागतं, कार्ड लागत नाही.

मला नंबरसाठी वेगळा अर्ज करावा लागेल का?

बहुतेक नाही! लाँग टर्म व्हिसा मिळाला असेल तर पासपोर्ट उघडा आणि व्हिसाच्या स्टिकरवर खाली शेरे लिहायची जागा असते तिथं बघा. एक्स, वाय किंवा झेडनं सुरू होणारा नंबर दिसला तर तोच तुमचा एनआयई, तो आधीच मिळालाय. नोकरीवाल्यांना वर्क परमिटच्या मंजुरीच्या पत्रावरही दिसतो. मला फोन करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा नंबर खिशातल्या पासपोर्टमध्येच असतो आणि एजंट 'नंबर काढून देतो' म्हणून त्यांच्याकडं पैसे मागत असतो.

त्यामुळं स्पेनला पोचल्यावर तुमचं काम नंबर काढायचं नसून कार्ड काढायचं असतं. फॉर्मही वेगळा, नंबरसाठी ईएक्स-१५ आणि कार्डासाठी ईएक्स-१७. चुकीचा फॉर्म नेला तर परत पाठवतात आणि अपॉइंटमेंट वाया जाते.

नंबर कसा दिसतो? टाइप करताना चुकला तर कळतं का?

पुढं एक अक्षर, मग सात आकडे, शेवटी परत एक अक्षर. पूर्वी सगळे एक्सनं सुरू व्हायचे, २००८ पासून वाय सुरू झाला आणि आता झेडवालेही दिसतात.

शेवटचं अक्षर उगाच लावलेलं नसतं, ते हिशोबानं येतं, आणि हा हिशोब मला फार आवडतो म्हणून सांगतोच. पहिल्या अक्षराच्या जागी आकडा ठेवायचा, एक्स म्हणजे ०, वाय म्हणजे १, झेड म्हणजे २. मग जी संख्या बनते तिला २३ नं भागायचं आणि बाकी बघायची. समजा एक्स १२३४५६७ असा नंबर आहे. १२३४५६७ भागिले २३, बाकी उरते १९. आता ठरलेली अक्षरांची ओळ अशी: टी, आर, डब्ल्यू, ए, जी, एम, वाय, एफ, पी, डी, एक्स, बी, एन, जे, झेड, एस, क्यू, व्ही, एच, एल, सी, के, ई. शून्यापासून मोजत १९ वर आलं की एल येतो. म्हणजे पूर्ण नंबर एक्स १२३४५६७ एल. या ओळीत आय आणि ओ ठेवलेलेच नाहीत, ते एक आणि शून्यासारखे दिसतात. म्हणून घरमालकानं नाहीतर कंपनीच्या एचआरनं काँट्रॅक्टमध्ये तुमच्या नंबराच्या शेवटी 'ओ' टाइप केला असेल तर तो शंभर टक्के चुकलाय, सही करायच्या आधी दुरुस्त करून घ्या.

सोलापुरातून निघायच्या आधी काय काय करून ठेवायचं?

इथंच खरं काम आहे, कारण इथं जे शेदोनशे रुपयांत होतं त्याला तिकडं गेल्यावर कुरिअर आणि महिनाभर वाट बघणं आलं.

पहिलं, जन्मदाखला, लग्नाचा दाखला, डिग्री, पोलीस क्लिअरन्स यातलं जे लागणार असेल त्याचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा आहे असं सांगणारा, परदेशात चालणारा सरकारी शिक्का. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे त्यामुळं स्पेन ते मान्य करतं. शिक्षणाच्या कागदांना आधी राज्य सरकारची पडताळणी होते आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल लागतं, याला वेळ जातो, आठवड्याच्या शेवटी उरकू असं होत नाही. पोलीस क्लिअरन्स पासपोर्टच्या साइटवरून काढायचा, आपण पुणे पासपोर्ट ऑफिसच्या हद्दीत येतो. फार आधी काढला तर तो जुना धरतात आणि फार उशिरा काढला तर व्हिसा अडकतो, ॲडमिशनचं पत्र आलं की लगेच लागा.

दुसरं, लॅमिनेशन. आपल्याकडं दहावीचं सर्टिफिकेट घरी आलं की बाबा दुसऱ्या दिवशी नव्या पेठेत जाऊन लॅमिनेट करून आणतात, कागद शंभर वर्षं टिकला पाहिजे म्हणून. लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का मारता येत नाही आणि मागं स्टिकरही लावता येत नाही. जे झालंय त्याची डुप्लिकेट प्रत काढायला बोर्डाकडं किंवा युनिव्हर्सिटीत अर्ज करा, जे झालं नाही ते कृपा करून तसंच राहू द्या. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा ना!

तिसरं, भाषांतर. इंग्रजी कागद तिकडं कुठं चालतो कुठं नाही, काउंटरवरच्या माणसावर असतं, त्यामुळं महत्त्वाच्या कागदांचं स्पॅनिश भाषांतर करून घ्या आणि तेही स्पेनच्या परराष्ट्र खात्यानं मान्यता दिलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून. क्रम लक्षात ठेवा, आधी अपोस्टिल मग भाषांतर, कारण अपोस्टिलच्या शिक्क्याचंही भाषांतर व्हावं लागतं. उलटं केलं तर दोनदा पैसे.

चौथं, फोटो. व्हिसाला ३५ बाय ४५ मिलिमीटरचा लागतो पण कार्डाला ३२ बाय २६ चा, मागं पांढरं. सात रस्त्यावरच्या कुठल्याही स्टुडिओत साइज सांगून आठ-दहा कॉपी काढून घ्या, तिकडं तेवढ्याच फोटोंना डोळे पांढरे होतील एवढे युरो जातात.

माझ्या पासपोर्टवर वडिलांचं नाव माझ्या नावालाच जोडून आहे, फॉर्ममध्ये काय लिहू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं, त्यामुळं प्रत्येक फॉर्मवर तीन रकाने, नाव, पहिलं आडनाव, दुसरं आडनाव. आपल्याकडं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आपली पोरं काय करतात, तीन रकाने दिसले की तीन नावं भरतात, वडिलांचं नाव जाऊन बसतं पहिल्या आडनावात आणि तिथून पुढं बँकेत एक नाव, कार्डावर दुसरं आणि युनिव्हर्सिटीत तिसरं असा गोंधळ सुरू होतो.

नियम साधाय. पासपोर्ट जसा आहे तसं उतरवायचं. गिव्हन नेममध्ये तुमचं आणि वडिलांचं दोन्ही असेल तर दोन्ही नावाच्या रकान्यात, सरनेम पहिल्या आडनावात आणि दुसरं आडनाव मोकळं सोडायचं. मोकळं सोडलं तर काही बिघडत नाही, परदेशी लोकांचं असं असतं हे त्यांना माहीत असतं. फॉर्ममध्ये आई-वडिलांच्या नावाचे वेगळे रकाने येतात, तिथं ती नावं लिहायची.

काही जणांच्या पासपोर्टवर सरनेमच मोकळं असतं, सगळं नाव एका ओळीत. आपल्याकडं जुन्या पासपोर्टात आणि काही तेलुगू, कन्नड घरांतून असं दिसतं, कारण घरात नाव लिहायची पद्धतच वेगळी असते. जमत असेल तर व्हिसाच्या आधीच पासपोर्टमध्ये सरनेम वेगळं करून घ्या. व्हिसा लागल्यावर नाव बदललं तर प्रत्येक ठिकाणी 'हे दोघे एकच' असं सिद्ध करत बसावं लागतं.

अपॉइंटमेंट मिळतच नाही म्हणतात, खरंय का?

खरंय. नंबर सोपा, फॉर्म सोपा, फी किरकोळ, अवघड आहे ती तारीख मिळणं. त्याला तिकडं 'सिता प्रेविया' म्हणतात आणि माद्रिद, बार्सिलोनाचं नाव काढलं की पोरं कपाळाला हात लावतात. साइट उघडायची, प्रांत निवडायचा, मग लांबलचक यादीतून काम निवडायचं (कार्डासाठी पोलिसांच्या यादीतलं 'तोमा दे उएयास', म्हणजे ठसे देणं), नंबर आणि नाव टाकायचं आणि मग बहुतेक वेळा 'सध्या तारखा शिल्लक नाहीत' असा निरोप येतो.

काय करायचं? एक तर निघायच्या आधी इथूनच बघायला लागा. वेळेचा फरक लक्षात ठेवा, तिकडचे सकाळचे ९ म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. दोन, शहरातलीच कचेरी पाहिजे असा हट्ट नको, त्याच प्रांतातल्या छोट्या गावच्या पोलीस ठाण्यात तारीख लवकर मिळते, लोकल ट्रेननं जाऊन या. सोलापूरहून कामाला अक्कलकोट, मोहोळ करणाऱ्याला त्यात काय एवढं. मात्र प्रांत तुमच्या राहत्या पत्त्याचाच पाहिजे, वालेन्सियात राहून मुर्सियात कार्ड काढता येत नाही. तीन, पेज सारखं रिफ्रेश करू नका, साइट तुम्हालाच थोडा वेळ ब्लॉक करते. सगळं बंद करून परत पहिल्यापासून या.

तारीख मिळाली की तो कागद प्रिंट करा. मोबाईलमधला स्क्रीनशॉट दारावरच्या पोलिसाला चालेल न चालेल.

एजंट अपॉइंटमेंटचे पैसे मागतोय, देऊ का?

अपॉइंटमेंट फुकट असते. सरकारी साइटवर एक पैसा लागत नाही. तिकडं तारखा आधीच अडवून ठेवून विकायचा धंदा चालतो आणि त्यात स्पेनच्या पोलिसांनी लोकांना अटकही केलीय. तिकडं 'खेस्तोर' म्हणून रीतसर कागदपत्रांचं काम करणारे असतात, त्यांना फॉर्म भरण्याचे, सोबत येण्याचे पैसे देणं वेगळं, ज्याला स्पॅनिश अजिबात येत नाही त्यानं द्यावेत, माझं काही म्हणणं नाही. पण इथं होटगी रोडला बसून कुणी 'तुमचा एनआयई आम्ही इथूनच काढून देतो, पंचवीस हजार' म्हणत असेल तर आधी व्हिसाचं स्टिकर बघा, वर सांगितलंय.

पत्त्याची नोंदणी आधी करायची का?

हो. तिकडं गेलं की नगरपालिकेत (आयुंतामिएन्तो) जाऊन 'मी या पत्त्यावर राहतो' अशी नोंद करायची, तिला एम्पाद्रोनामिएन्तो म्हणतात, बोलताना नुसतं 'पाद्रोन'. कार्डाच्या वेळी बऱ्याच ठिकाणी हा दाखला मागतात आणि तो शक्यतो तीन महिन्यांच्या आतला लागतो. पुढं सरकारी दवाखान्याचं कार्ड, मुलांची शाळा, सगळीकडं तोच.

अडचण घरमालकाची येते. भाडेकरार तुमच्या नावावर असेल तर प्रश्न नाही, पण चार पोरं मिळून फ्लॅटमध्ये एक खोली घेतली असेल तर करार दुसऱ्याच्याच नावावर असतो, मग त्याची किंवा मालकाची सही केलेली परवानगी आणि त्याच्या ओळखपत्राची कॉपी लागते. काही मालक टॅक्सच्या भीतीनं 'नोंदणी करायची नाही' अशी अट घालतात. तसली खोली पन्नास युरो स्वस्त असली तरी घेऊ नका, त्या पन्नास युरोंच्या दसपट मनस्ताप होतो. आठ-दहा दिवसांच्या टुरिस्ट अपार्टमेंटच्या पत्त्यावर नोंदणीची आशा धरू नका.

फी किती?

नंबरच्या सर्टिफिकेटला १० युरोच्या आसपास, पहिल्या कार्डाला १६ च्या आसपास, थोडाफार बदल होत असतो. भरायचा फॉर्म मॉडेल ७९०, कोड ०१२, तो पोलिसांच्या साइटवर भरून प्रिंट काढायचा. त्यात एक यादी असते आणि नेमकी ओळ टिक करायची असते, एनआयईची टिक करून कार्डाला गेलात तर फी कमी पडते आणि परत बँकेत जावं लागतं. पैसे बँकेत भरायचे, बऱ्याच बँका कॅश सकाळीच घेतात, म्हणून आदल्या दिवशी उरकून ठेवा.

त्या दिवशी ऑफिसात काय होतं?

फार काही नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम. दाराशी पोलीस उभा असतो, त्याला 'तेंगो सिता' म्हणायचं आणि कागद दाखवायचा. आत टेबलावर सगळं एकदम ठेवू नका, तो एकेक मागतो: पासपोर्ट आणि त्याच्या पानांची झेरॉक्स, व्हिसाच्या पानाची आणि प्रवेशाच्या शिक्क्याच्या पानाची पण, ईएक्स-१७, फी भरल्याचा कागद, फोटो, पाद्रोन, युनिव्हर्सिटीचं किंवा नोकरीचं पत्र. झेरॉक्स आधीच काढून न्या. आपल्याकडं कलेक्टर ऑफिससमोर पाच झेरॉक्सवाले असतात तसं तिकडं पोलीस ठाण्यासमोर असेलच असं नाही.

शिक्क्याचं एक लक्षात ठेवा. मुंबईहून जाताना मध्ये फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदललं तर युरोपात शिरल्याची नोंद तिथंच होते आणि पुढं स्पेनमध्ये कुणी काही विचारत नाही. म्हणून बोर्डिंग पास फेकू नका, स्पेनला कधी पोचलात ते दाखवायला तो कामी येतो.

मग ठसे. काचेवर बोट ठेवायचं, तो म्हणेल तसं फिरवायचं. व्हिसाच्या वेळी दिलेले ठसे इथं धरत नाहीत, परत द्यावेच लागतात. शेवटी एक पावती देतात, 'रेस्ग्वार्दो'. ती जपा, कार्ड तिच्यावरच मिळतं. कार्ड साधारण महिना-दीड महिन्यानं तयार होतं आणि घरी पोस्टानं येत नाही, जाऊन आणावं लागतं, काही ठिकाणी त्यालाही अपॉइंटमेंट.

लग्नाची मेंदी आहे हातावर, ठसे उमटतील का?

गमतीत घेऊ नका, खरा प्रश्न आहे. लग्न करून आठ-दहा दिवसांत नवऱ्याबरोबर जाणाऱ्या मुलींच्या बोटांच्या टोकापर्यंत मेंदी असते आणि मशीन कधी कधी ठसा उचलत नाही. व्हिसाच्या बायोमेट्रिकलाही तेच. मेंदीवालीला सांगा, पेरांच्या पुढं नको. वयस्कर माणसांचं वेगळंच, हातमागावर, विड्या वळण्यात आयुष्य गेलेल्यांच्या बोटांच्या रेषाच झिजलेल्या असतात, त्यांनी आदल्या रात्री खोबरेल लावून हात मऊ करावेत आणि सकाळी स्वच्छ धुऊन जावं.

एका महिन्याच्या आत कार्ड काढायचं असतं म्हणे, महिना उलटला तर?

नियम असाय की स्पेनमध्ये पोचल्यापासून एका महिन्याच्या आत कार्डासाठी अर्ज करायचा. पण तारीखच दीड महिन्यानंतरची मिळते तेव्हा माणूस काय करणार? महिन्याच्या आत अपॉइंटमेंट घेऊन ठेवा, ती पुढची असली तरी. आणि मिळत नसेल तर 'तारखा नाहीत' या पेजचे तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवा, तुम्ही प्रयत्न केला याचा तेवढा तरी पुरावा. हे न करता सप्टेंबर-ऑक्टोबर फिरण्यात घालवायचे आणि नोव्हेंबरला आईला फोन करून रडायचं, असं करू नका. आई मग मला फोन करते.

कार्ड यायच्या आधी बँक, सिम, नोकरी?

प्रीपेड सिम पासपोर्टवर मिळतं. बँकेत पासपोर्टवर नॉन-रेसिडंट खातं उघडता येतं, कार्ड आलं की ते बदलून घ्यायचं. नोकरीसाठी एनआयई लागतोच, शिवाय सोशल सिक्युरिटीचा वेगळा नंबर असतो, दोन्ही एक समजू नका. उच्च शिक्षणासाठी गेलेल्या विद्यार्थ्यांना आठवड्याला ३० तासांपर्यंत काम करता येतं, पण अभ्यासाच्या वेळेशी टक्कर नको.

ऑनलाइन फॉर्ममध्ये ओळखपत्राचा प्रकार विचारतात तिथं डीएनआय आधीच निवडलेलं असतं, ते स्पॅनिश नागरिकांचं. एनआयई निवडा, नाहीतर 'नंबर चुकीचा' म्हणत राहतो.

दिवाळीला किंवा भावाच्या लग्नाला सोलापूरला यायचंय पण कार्ड हातात नाही, येता येईल का?

येता येईल, पण परत जाताना काय दाखवणार ते बघा. विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं स्टिकर बऱ्याचदा ९० दिवसांचंच असतं. ते संपलं आणि कार्ड आलं नाही तर नुसत्या पावतीवर विमानात घेत नाहीत. त्यासाठी पोलिसांकडून 'परत येण्याची परवानगी' असा कागद काढावा लागतो, तो ९० दिवसांपर्यंत चालतो, आणि त्यालाही फी आणि अपॉइंटमेंट. पहिल्या दिवाळीला शक्यतो येऊ नका. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याला या, तोपर्यंत कार्ड आलेलं असतं आणि गर्दीतली भज्जीही मिळते.

बायको आणि मुलांना वेगळा नंबर लागतो का?

प्रत्येकाला वेगळा, तान्ह्या बाळालाही. प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, फी वेगळी, अपॉइंटमेंटही वेगळी. लग्नाचा आणि जन्माचा दाखला अपोस्टिल आणि भाषांतरासकट पाहिजे. महापालिकेचा जुना दाखला हातानं लिहिलेला असेल तर नवा, कॉम्प्युटरचा, इंग्रजीसह काढून घ्या आणि त्यातलं स्पेलिंग पासपोर्टशी जुळवून बघा.

मी टॉवेल-चादरीचा व्यापारी आहे, तिकडं राहायचं नाही, पण कंपनी काढायची किंवा घर घ्यायचंय

मग तुमच्यासाठी पांढरा कागदवाला नंबर. तो मुंबईच्या स्पॅनिश कॉन्सुलेटमधून मागता येतो, ईएक्स-१५ भरायचा आणि नंबर कशासाठी पाहिजे ते कागदानिशी दाखवायचं. कॉन्सुलेटची वेळ आधी घ्या आणि मग रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं निघा, सकाळी मुंबईत. दुसरा मार्ग म्हणजे तिकडच्या वकिलाला नोटरी केलेलं, अपोस्टिल आणि स्पॅनिश भाषांतर असलेलं मुखत्यारपत्र द्यायचं, तो तिथून काढतो.

आणि घर घेतलं की राहायची परवानगी मिळते हे विसरा. तो गोल्डन व्हिसा स्पेननं एप्रिल २०२५ मध्ये बंद केलाय. अजून कुणी विकत असेल तर त्याला तारीख सांगा.

कार्ड हरवलं, संपलं, पासपोर्ट बदलला, मग?

हरवलं तर पोलिसांत तक्रार आणि परत ईएक्स-१७. संपत आलं असेल तर ६० दिवस आधीपासून मुदतवाढीचा अर्ज करता येतो, शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. पासपोर्ट नवा आला तर कळवायचं. नंबर तिन्ही वेळा तोच राहतो.

नंबर मिळाला म्हणजे तिकडं टॅक्स भरावा लागतो का?

नुसत्या नंबरानं नाही. कॅलेंडर वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात तर ते तुम्हाला टॅक्ससाठी रहिवासी धरतात. इकडचं बचत खातं एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीचं खातं) करून घ्यायचं मात्र विसरतात सगळे. पुढचं सीएला विचारा.

आम्ही आई-वडील महिनाभर पोराकडं जाणार, आम्हाला पण नंबर?

नाही. ९० दिवसांपर्यंतचा टुरिस्ट व्हिसा पुरतो, नंबर नाही आणि कार्डही नाही. पोराच्या घरी उतरणार असाल तर व्हिसाला आमंत्रणपत्र मागू शकतात, ते पोरानं तिकडच्या पोलीस ठाण्यातून काढायचं असतं, साध्या कागदावर 'आईबाबांना बोलावतोय' असं लिहून चालत नाही. आणि त्यालाही परत तीच अपॉइंटमेंट, म्हणून तिकीट काढायच्या आधी दोन-तीन महिने पोराच्या मागं लागा. बॅगेत शेंगाचटणी आणि कडक भाकरी खुशाल न्या, पण दुधाचे आणि मटणाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे, तेव्हा पेढे आणि साजूक तूप घरीच ठेवा.